प्रकल्प नोंदी: नोव्हा स्कोशा, १८ सप्टेंबर १८६७

५ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून कामाला सुरुवात. गेल्या २६ नोव्हेंबरला मी कॅनडातल्या या नोव्हा स्कोशा प्रांताच्या निवडणुकीत आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं. पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभी राहून पेन्सिलीने खूण केली, कागद दुमडला, पेटीत टाकला. घरी आल्यावर वाटलं, कॅनडा देश झाल्यानंतर इथली पहिली निवडणूक कशी झाली असेल? शोधायला बसले ती रात्री दोनपर्यंत उठलेच नाही.

करायचं ते असं: १८६७ च्या निवडणुकीवर मराठीत चार-पाच पानं, काउंटीवार, म्हणजे जिल्हावार, निकालाचा तक्ता आणि एक नकाशा. इथल्या राजधानीतली, हॅलिफॅक्समधली, आम्ही काही मराठी कुटुंबं महिन्यातून एकदा वाचनाला जमतो, तिथे मार्चमध्ये हे मांडायचं. मुलं जोसेफ हाउचं नाव ऐकून येतात आणि आईबापांना तो कोण हे सांगता येत नाही. मलाही कालपरवापर्यंत येत नव्हतं.

एका ओळीत निकाल: प्रांतिक विधानसभेच्या ३८ जागांपैकी ३६ जागा संघराज्याला, म्हणजे इतर ब्रिटिश वसाहतींबरोबर मिळून कॅनडा देश होण्याला, विरोध करणाऱ्यांनी जिंकल्या. त्यांचा पुढारी हाच हाउ. त्याच दिवशी ओटावाच्या संसदेसाठीही मतदान झालं, तिथे १९ पैकी १८ त्यांच्याच.

१२ जानेवारी

तक्त्याचा सांगाडा. आधी जागांचा हिशेब जुळतो का ते पाहिलं. काउंट्या १८. हॅलिफॅक्स आणि पिक्टू यांना प्रत्येकी तीन आमदार, उरलेल्या १६ काउंट्यांना दोन-दोन. १६ दुणे ३२ आणि ६ मिळून ३८, जुळलं. संसदेसाठी प्रत्येक काउंटीला एक खासदार, फक्त हॅलिफॅक्सला दोन: १७ आणि २ मिळून १९. तेही जुळलं.

आधीच्या विधानसभेत ५५ सदस्य होते. संघराज्यात गेल्यावर कामं कमी होणार म्हणून संख्या घटवली. आत्ता मी ज्या सभागृहासाठी मत दिलं, त्यातही ५५ च आहेत. हा आकडा तक्त्याच्या कडेला लिहून ठेवला.

पक्षाचा रकाना मात्र अडला. तेव्हा मतपत्रिकाच नव्हती, मग तिच्यावर पक्षाचं नाव कुठून असणार? विरोधक स्वतःला ‘नोव्हा स्कोशा पार्टी’ म्हणत, लोकांमध्ये ते ‘अँटी’ म्हणून ओळखले जात. त्यांच्यात जुने उदारमतवादी होते तसे काही जुने हुजूरपक्षीयही (कॉन्झर्व्हेटिव्ह) होते. समोरच्या गटातही तीच सरमिसळ. म्हणून रकान्याचं नाव ‘पक्ष’ ठेवत नाही, ‘बाजू’ ठेवते.

१८ जानेवारी

नावं देवनागरीत आणण्यात सगळा शनिवार गेला. मराठीत ‘नोव्हा स्कॉशिया’ लिहिण्याची रीत आहे, पण बसमध्ये, दुकानात सगळे ‘स्कोशा’च म्हणतात. तेच ठेवते. पिक्टू, अँटिगनिश ही नावं इथल्या मूळच्या मिगमाव लोकांच्या भाषेतून आलेली, इंग्रजांनी आपल्या जिभेला वळवलेली. माणसांमध्ये हाउ, टपर, ॲनंड, ब्लँचर्ड.

खरा घोळ ‘कॉन्फेडरेशन’ या शब्दाचा. ‘महासंघ’ म्हटलं की मराठीत दूध उत्पादक महासंघ आठवतो. बाबांना बार्शीला फोन लावला. ते म्हणाले, “विलीनीकरण लिही की. संस्थानांचं झालं तसं.” शब्द कानाला पटकन पटला. पण संस्थानं विलीन झाल्यावर उरली नाहीत, नोव्हा स्कोशाची विधानसभा मात्र उरली. गेले ते जकात, टपाल, मत्स्यव्यवसाय, रेल्वे असे अधिकार. म्हणून ‘संघराज्य’ पक्कं केलं. तरीही विरोधकांच्या मनात जे होतं ते बाबांच्याच शब्दात जास्त आहे. पहिल्या पानावर तो शब्द एकदा वापरणार आहे.

२५ जानेवारी

मतदान कसं होई यावरचा मजकूर लिहिला. मतदार केंद्रावर जाई, अधिकाऱ्यासमोर उभा राही आणि कुणाला मत देतो ते मोठ्याने सांगे. त्याच्या नावापुढे वहीत नोंद होई. गावातला सावकार, जहाजाचा मालक, चर्चमधले लोक सगळे तिथेच. गुप्त मतदान नोव्हा स्कोशात १८७० मध्ये आलं. शेजारच्या न्यू ब्रन्सविकने ते १८५५ मध्येच आणलं होतं.

बाबांना हे वाचून दाखवलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असताना त्यांनी कितीतरी निवडणुकांना केंद्राध्यक्ष म्हणून काम केलंय. पेटी सील करणं, शाई लावणं, रात्री बारा वाजता साहित्य जमा करायला रांगेत उभं राहणं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अगं, म्हणजे ज्याचं देणं आहे त्याच्यासमोरच बोलायचं? आणि तरी छत्तीस निवडून आले?”

मी या बाजूने विचारच केला नव्हता. संघराज्यवाल्यांचा पुढारी टपर, त्याच्या बाजूचं सरकार सत्तेवर होतं, राज्यपाल आणि लंडन त्याच्या पाठीशी होते, आणि मतदार चारचौघांत तोंड उघडून त्याच्याविरुद्ध बोलले. हे वाक्य बाबांच्या नावाने नाही, पण त्यांच्यामुळे पानावर गेलं.

मतदार कोण, तेही स्पष्ट लिहिलं: २१ वर्षांवरचे, मालमत्तेची अट पूर्ण करणारे पुरुष. स्त्रियांना १८५१ च्या कायद्याने नाव घेऊन वगळलं होतं, तो हक्क १९१८ मध्ये मिळाला. ‘नोव्हा स्कोशाने नाकारलं’ असं लिहिताना हातून ‘सगळ्या’ हा शब्द जाऊ द्यायचा नाही.

२६ जानेवारी

टक्केवारीवर अर्धा दिवस. दोन जागांच्या काउंटीत प्रत्येक मतदाराला दोन मतं. समजा एक हजार माणसं आली, तर वहीत दोन हजारांपर्यंत मतं दिसतील. काहींनी एकच दिलं तर त्याहून कमी. म्हणजे एकूण मतांना मतदारांच्या संख्येने भागून मतदानाचं प्रमाण काढलं तर सपशेल चुकणार. माझ्या पहिल्या तक्त्यात नेमकं हेच झालं होतं. तो रकाना काढून टाकला.

वाचनगटाला समजावताना सहकारी सोसायटीची निवडणूक सांगेन. पॅनेल टू पॅनेल मतदान झालं की एका बाजूचे सगळे येतात आणि दुसरी बाजू थोडक्यात हरूनही हाती काही लागत नाही. इथे तेच झालं. विरोधकांची मतं साधारण साठ टक्क्यांच्या आसपास आणि जागा जवळपास पंचाण्णव टक्के. दर पाचातले दोन मतदार संघराज्याच्या बाजूने होते, आणि नकाशात ते अजिबात दिसत नाहीत. नुसत्या जागांवरून रंगवलेला नकाशा खोटं बोलेल, म्हणून त्याच्या खालीच मतांची पट्टी टाकतेय.

२ फेब्रुवारी

आज पार्श्वभूमी. बाहेर बर्फ, त्यामुळे सलग बसता आलं.

सप्टेंबर १८६४ मध्ये शार्लटटाउनला परिषद झाली, ऑक्टोबरमध्ये क्वेबेकला ७२ ठराव. नोव्हा स्कोशाचा मुख्यमंत्री चार्ल्स टपर, व्यवसायाने डॉक्टर, दोन्हीकडे होता. न्यू ब्रन्सविकमध्ये या प्रश्नावर १८६५ ला निवडणूक झाली, संघराज्यवाले हरले. वर्षभरात पुन्हा निवडणूक होऊन ते जिंकले. म्हणजे तिथल्या लोकांना दोनदा विचारलं गेलं. टपरने एकदाही विचारलं नाही. एप्रिल १८६६ मध्ये त्याने विधानसभेकडून ३१ विरुद्ध १९ मतांनी एक ठराव करून घेतला, लंडनला जाऊन संघराज्याच्या अटी ठरवायला प्रतिनिधी पाठवण्याचा. त्या सभागृहाची निवडणूक १८६३ ची. तेव्हा संघराज्य हा प्रचाराचा मुद्दाच नव्हता.

लंडनला कायदा झाला, २९ मार्च १८६७ ला राणीची संमती मिळाली, १ जुलैला कॅनडा अस्तित्वात आला. त्या दिवशी हॅलिफॅक्सच्या ‘मॉर्निंग क्रॉनिकल’ने नोव्हा स्कोशा प्रांताची निधनवार्ता छापली: आदल्या रात्री बारा वाजता मृत्यू. हे दैनिक विल्यम ॲनंडचं, पुढे तोच मुख्यमंत्री झाला.

निवडणूक १८ सप्टेंबरला. दोन्ही तारखांमधलं अंतर मोजलं, ७९ दिवस. लोकांना विचारलं ते सगळं होऊन गेल्यावर ७९ दिवसांनी.

मला वाटतं पानांचा गाभा हाच आहे. तक्ता कितीही नीट केला तरी तारखेशिवाय तो वाचता येत नाही.

३ फेब्रुवारी

बाबांचा व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न: “मग निकाल लागून काय झालं?” उत्तर द्यायला अजून दोन प्रकरणं लिहायचीत.

९ फेब्रुवारी

पैशांचं प्रकरण. यात रमले.

संघराज्याच्या कायद्यानुसार प्रांताला केंद्राकडून दरवर्षी माणशी ८० सेंट मिळणार, तेही १८६१ च्या जनगणनेवरून. नोव्हा स्कोशाची लोकसंख्या तेव्हा ३,३०,८५७. गुणाकार केला: साधारण २,६४,६८६ डॉलर. शिवाय सरकार चालवायला ६०,००० डॉलर. त्या बदल्यात जकातीचं उत्पन्न केंद्राकडे. प्रांताचं बहुतेक उत्पन्न जकातीतूनच येई, कारण इथली माणसं समुद्रावर जगत होती. लाकडी जहाजं बांधायची, मासा आणि लाकूड अमेरिकेला आणि वेस्ट इंडीजला न्यायचं, येताना साखर, गूळ, रम आणायची. नोव्हा स्कोशाची जकात साधारण १० टक्के, कॅनडाची १५. अमेरिकेशी असलेला खुल्या व्यापाराचा करारही १८६६ मध्ये संपला होता.

हाउने भाषणांत ‘ऐंशी सेंट’ पकडले. माणशी ऐंशी सेंटला विकलंत आम्हाला, मेंढीच्या कातड्याचा भाव! हे वाक्य मच्छीमारालाही एका झटक्यात कळणारं होतं. घटनेची कलमं कोण वाचतो? कातड्याचा भाव सगळ्यांना ठाऊक.

कर्जाचा हिशेबही असाच. प्रांताचं कर्ज केंद्राने उचललं, पण ८० लाख डॉलरपर्यंतच. त्यावरच्या रकमेवर प्रांताने ५ टक्के व्याज भरायचं.

आणखी एक अडचण: इथला डॉलर आणि कॅनडाचा डॉलर वेगळे होते. इथे पाच डॉलरला एक पौंड, तिकडे ४ डॉलर ८६ सेंट आणि वर थोडं. हा फरक १८७१ मध्ये मिटला. वरच्या रकमा कायद्यातल्या, कॅनडाच्या चलनातल्या आहेत. तक्त्याखाली तसं लिहिलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

हेरिटेज डेची सुट्टी. दुपारी चालत प्रॉव्हिन्स हाउसपर्यंत गेले. विधानसभा १८१९ पासून याच इमारतीत भरते, वाळूच्या दगडाची, दोन्ही बाजूंच्या काचेच्या इमारतींमध्ये बुटकी दिसणारी. आवारात हाउचा पुतळा, १९०४ चा, हात पुढे करून बोलणारा. खांद्यांवर बर्फ साचला होता.

याच इमारतीत १८३५ मध्ये त्याच्यावर बदनामीचा खटला चालला. आपल्या वर्तमानपत्रात त्याने शहराच्या दंडाधिकाऱ्यांच्या भ्रष्टाचारावर छापलं होतं. वकील म्हणाले वाचणार नाहीस, तेव्हा तो स्वतःच सहा तासांहून जास्त बोलला आणि ज्युरीने दहा मिनिटांत निर्दोष सोडला. १८४८ मध्ये नोव्हा स्कोशा ही सभागृहाला जबाबदार सरकार मिळवणारी ब्रिटिश साम्राज्यातली पहिली वसाहत ठरली, तीही दगड न उचलता. त्यामागे मुख्यतः हाच माणूस.

१८६७ चा राग याशिवाय समजत नाही. ज्या सभागृहाला सरकारचा हिशेब मागण्याचा हक्क त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी मिळवला होता, त्याच सभागृहाने लोकांना न विचारता आपले अधिकार देऊन टाकले. ऐंशी सेंट ही बोलायची भाषा होती, दुखणं इथलं होतं. पुतळ्याच्या पायाशी उभं राहून हे मला जितकं स्वच्छ कळलं तितकं महिनाभर वाचून कळलं नव्हतं.

हात गारठले तशी परतले.

२३ फेब्रुवारी

कालपर्यंतच्या मसुद्यात सगळा विजय संघराज्याच्या रागाला दिला होता. आज तो भाग मोडला. टपरने १८६४ मध्ये मोफत शाळांचा कायदा केला आणि १८६५ मध्ये त्यासाठी सक्तीचा कर बसवला. खेड्यापाड्यांत लोक त्यावर भयंकर चिडले. १८६७ मध्ये टपरच्या बाजूविरुद्ध पडलेल्या मतांत शाळेच्या कराचीही मतं होती. कुठलं मत कशामुळे पडलं हे वहीत लिहिलेलं नसतं.

बाबा फोनवर एकदम ताठ झाले. “शाळेसाठी कर लावला म्हणून माणूस पाडला?” आयुष्यभर खेड्यातल्या शाळेत शिकवलेल्या माणसाला हे लागणारच. मी म्हटलं, “बाबा, तुम्ही आत्तापर्यंत हाउच्या बाजूने होतात.” ते म्हणाले, “अजूनही आहे. पण टपरने हे चांगलं केलं, ते लिही. सोडू नकोस.”

लिहिलं. पूर्ण परिच्छेद.

१ मार्च

तक्ता पूर्ण. ३६ जागा विरोधकांच्या, २ संघराज्याच्या. त्या दोनांपैकी एक इन्व्हर्नेसची, हायरम ब्लँचर्डची. १ जुलैनंतर तोच प्रांताच्या सरकारचा प्रमुख होता, टपर संसदेच्या निवडणुकीकडे वळला होता. पुढे १८६८ मध्ये ब्लँचर्डची निवडही रद्द झाली. दुसरी जागा कंबरलंडची.

कंबरलंड हे संसदेच्या तक्त्यातलंही एकुलतं वेगळ्या रंगाचं घर. तिथे टपरला १,३६८ मतं, समोर ॲनंडला १,२७१. फरक ९७. ही काउंटी न्यू ब्रन्सविकला चिकटून आहे, आणि कायद्यात वचन दिलेली आंतरवसाहत रेल्वे तिकडूनच येणार होती.

हरलेला ॲनंड ७ नोव्हेंबरला प्रांताचा मुख्यमंत्री झाला, विधान परिषदेत जागा घेऊन. इथे तेव्हा वरचं सभागृह होतं, ते १९२८ मध्ये बरखास्त झालं. महाराष्ट्रातल्या वाचकाला परिषदेतून आलेला मुख्यमंत्री समजावून सांगावा लागत नाही, त्यामुळे इथे एक ओळ पुरली.

२ मार्च

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. लिहायला सगळ्यात जड गेलेलं प्रकरण.

नव्या विधानसभेने फेब्रुवारी १८६८ मध्ये ठराव केला की हे संघराज्य आमच्या लोकांच्या संमतीशिवाय झालं, आम्हाला बाहेर काढा. महाधिवक्ता मार्टिन विल्किन्सचा युक्तिवाद असा की विधानसभा ही लोकांची विश्वस्त आहे, प्रांताची घटना देऊन टाकायचा तिला हक्कच नव्हता. हाउ आणि ॲनंड शिष्टमंडळासह लंडनला गेले. वसाहतमंत्र्यांनी नकार दिला. जून १८६८ मध्ये जॉन ब्राइटने ब्रिटिश संसदेत निदान चौकशी तरी करा असा प्रस्ताव मांडला. तो १८३ विरुद्ध ८७ मतांनी पडला.

म्हणजे ३६ विरुद्ध २ चं उत्तर १८३ विरुद्ध ८७. दुसऱ्या सभागृहाचं, समुद्रापलीकडचं, जिथे नोव्हा स्कोशाचा एकही प्रतिनिधी नव्हता.

ऑगस्टमध्ये पंतप्रधान जॉन मॅकडोनल्ड स्वतः हॅलिफॅक्सला आला. आता हाउपुढे वाटा उरल्या दोन: अमेरिकेत जा म्हणणाऱ्यांबरोबर जायचं, किंवा मिळेल ते पदरात पाडून घ्यायचं. साम्राज्याशी फारकत त्याला मान्य नव्हती. जानेवारी १८६९ मध्ये त्याने तडजोड केली. कर्जाची मर्यादा ८० लाखांवरून ९१,८८,७५६ डॉलर आणि दहा वर्षं दरसाल ८२,६९८ डॉलर जास्तीचे. त्याच महिन्यात तो मॅकडोनल्डच्या मंत्रिमंडळात गेला. मंत्री झाल्यामुळे हँट्स काउंटीत पुन्हा निवडून येणं भाग होतं. चौसष्ट वर्षांचा माणूस, ऐन हिवाळ्यातला प्रचार, समोर कालपर्यंतचे आपलेच सहकारी त्याला फितूर म्हणत उभे. तो जिंकला, पण तब्येत खचली ती कायमची. मे १८७३ मध्ये त्याला नोव्हा स्कोशाचा राज्यपाल केलं, आणि तीन आठवड्यांत, १ जूनला, तो गेला.

मी त्याला फितूर लिहिलेलं नाही. लंडनचं दार बंद झाल्यावर काउंट्यांत फिरून आणखी ठराव करणं सोपं होतं. त्याने कातड्याचा भाव वाढवून आणला, आणि त्याची किंमत स्वतः मोजली. कुणाला हे पटणार नाही, त्यांनी वाचनाच्या दिवशी जरूर बोलावं.

९ मार्च

आज घड्याळं पुढे गेली, बार्शीशी अंतर साडेआठ तासांवर आलं. बाबांना संध्याकाळचा चहा घेता घेता पूर्ण मसुदा ऐकवता आला.

त्यांची सूचना: तक्ता शेवटी आहे तो आधी आणू नकोस, पण त्याच्या डोक्यावर नुसतं ‘निकाल’ लिहू नकोस, तारीख घाल. केलं. ‘१ जुलैनंतरचा ७९ वा दिवस’ असं शीर्षक दिलं.

१८८६ बद्दल दोन ओळी वाढवल्या. तेव्हाचा मुख्यमंत्री फील्डिंग पुन्हा बाहेर पडण्याच्याच मुद्द्यावर प्रांतात जिंकला, पण पुढच्याच वर्षी संसदेच्या निवडणुकीत याच प्रांताने मॅकडोनल्डच्या बाजूचे खासदार जास्त पाठवले आणि मागणी तिथे विरली.

१५ मार्च

छपाईच्या दुकानातून पंधरा प्रती आणल्या. नकाशातला हिरवा रंग कागदावर काळपट आलाय, पण कंबरलंड वेगळं दिसतं.

वाचन २२ तारखेला. राहिलेलं: हँट्सच्या पोटनिवडणुकीचा छोटा तक्ता, शाळेच्या कराच्या परिच्छेदाची मोठ्या अक्षरात एक वेगळी प्रत बाबांसाठी, आणि पान तीनवर ‘सगळ्या नोव्हा स्कोशाने’ असं एका ठिकाणी राहून गेलंय, ते पंधराही प्रतींवर पेनने खोडायचं.